रुआ नोव्हा: लिस्बनचा एक रस्ता आणि चित्राबाहेरची माणसं

माझ्या मामूंना जुन्या वस्तूंचा नाद आहे. दर रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारतात आणि काहीतरी घेऊनच परततात. गेल्या वर्षी त्यांनी एक तैलचित्र आणलं. लाकडी फ्रेम, रंगाला तडे गेलेले. चित्रात युरोपातल्या कुठल्याशा शहराचा रस्ता. दोन्ही बाजूंना उंच घरं, ओला दगडी रस्ता, लांबवर चर्चचा मनोरा, दोन-चार धूसर माणसं. मामूंनी ते दिवाणखान्यात टांगलं. मी विचारलं, "मामू, कोणतं शहर हे?" ते म्हणाले, "युरोप है बेटा, बस."

युरोपच्या रस्त्याचं चित्र म्हटलं की आपल्याला एवढं पुरतं. शहराचं नाव लागत नाही, सालही लागत नाही. त्या रस्त्यावर कोण राहत होतं आणि कोणाला तिथून हाकललं गेलं, हे विचारायचं तर डोक्यातही येत नाही. म्हणून आज मी एका खऱ्या चित्राविषयी लिहिणार आहे. हा रस्ता लिस्बनचा आहे, पण त्याचा एक धागा गोव्यापर्यंत, चौलपर्यंत आणि अहमदनगरपर्यंत येतो.

एकशे चाळीस वर्षं निनावी

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात केल्म्स्कॉट मॅनर नावाचं जुनं घर आहे. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस आणि चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी यांनी १८७१ साली ते मिळून भाड्याने घेतलं. त्याआधी, १८६६ साली, रोझेटीने एक जुनं चित्र विकत घेतलं होतं. ते स्पेनच्या वेलास्केथच्या परंपरेतलं असावं, असा त्याचा समज होता. मूळचं एकच लांबट चित्र कधीतरी मधोमध कापून त्याचे दोन तुकडे केले गेले होते. पुढे हे दोन्ही तुकडे केल्म्स्कॉटच्या भिंतीवर आले. रस्ता कोणत्या शहराचा, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मामूंसारखंच, युरोप आहे, बस.

२००९ साली अ‍ॅनमारी जॉर्डन ग्श्वेंड आणि केट लोव या दोन इतिहास अभ्यासक स्त्रियांनी तो रस्ता ओळखला. चित्रात घरांच्या पुढे ओळीने दगडी खांब आहेत आणि त्यांच्यावर वरचे मजले पेललेले आहेत. रस्त्यात एक लोखंडी कठडा आहे आणि त्याच्या आत व्यापारी उभे आहेत. हे खांब आणि हा कठडा जुन्या लिस्बनच्या वर्णनांशी जुळले. रस्त्याचं नाव 'रुआ नोव्हा दुश मेर्कादोरिश', म्हणजे व्यापाऱ्यांचा नवा रस्ता. चित्रकाराचं नाव आजही अज्ञात आहे. तो बहुधा नेदरलँड्सकडचा असावा आणि चित्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा सतराव्याच्या सुरुवातीचं असावं, असं मानलं जातं. २०१७ साली लिस्बनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ते प्रदर्शनासाठी नेण्यात आलं, तेव्हा काही पोर्तुगीज इतिहासकारांनी त्याच्या अस्सलपणावर जाहीर शंका घेतली होती. प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि त्यानंतर ते प्रदर्शनात लागलं.

मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, छायाचित्रांतून पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहताना डोळा कुठे ठेवावा हेच कळत नाही, एवढी गर्दी आहे. काळ्या पोशाखातले व्यापारी बोलत उभे आहेत. घोडेस्वार जात आहेत. डोक्यावर ओझी घेतलेले आफ्रिकी स्त्री-पुरुष आहेत, मुलं आहेत, कुत्री आहेत. त्या काळच्या युरोपच्या कुठल्याही चित्रात आफ्रिकी माणसं एवढ्या संख्येने क्वचितच दिसतात. म्हणूनच आज हे चित्र 'जागतिक शहरा'चं चित्र म्हणून दाखवलं जातं. नाना वंशांची माणसं एकाच रस्त्यावर, असं ते कौतुक असतं. या कौतुकाकडे जरा थांबून पाहायला हवं.

मिरी, चिनी माती आणि कापड

रुआ नोव्हा हा तेराव्या शतकाच्या अखेरीस, राजा दिनिशच्या काळात घडलेला रस्ता. सोळाव्या शतकात मात्र तो युरोपातल्या सर्वांत श्रीमंत बाजारपेठांपैकी एक झाला. तेजू नदीच्या काठावर राजाने आपला नवा वाडा बांधला आणि त्याच्या आसपासच 'काझा दा इंडिया' ही हिंदुस्थानच्या व्यापाराची सरकारी कचेरी बसली. आपल्या किनाऱ्यावरून गेलेला माल या कचेरीत उतरायचा, मोजला जायचा आणि मग शहरात पसरायचा. मलबारची मिरी, सिलोनची दालचिनी, गुजरातचं सुती कापड, हस्तिदंत, मौल्यवान खडे. १५८० च्या सुमारास चिनी मातीची भांडी विकणारी सहा दुकानं एकट्या रुआ नोव्हावर होती. कठड्याच्या आत उभे राहून सावकार आणि दलाल सौदे करायचे.

दामियांव द गॉइश या पोर्तुगीज विद्वानाने १५५४ साली लॅटिन भाषेत लिस्बनचं वर्णन लिहिलं आणि आपल्या शहराचं वैभव जगाला सांगितलं. हाच गॉइश पुढे १५७१ साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, कैदेत पडला. ज्याने शहर जगापुढे मांडलं त्याचाच विचार शहराला सोसला नाही.

चित्रात हा माल आणि ही माणसं दिसतात. काही माणसं मात्र चित्रात शोधूनही सापडत नाहीत. ती याच शहरात साडेसातशेहून जास्त वर्षं राहिली होती.

अल-उश्बूना

आठव्या शतकाच्या सुरुवातीपासून ११४७ पर्यंत लिस्बन मुस्लिम सत्तेखाली होतं. अरबीत त्याचं नाव अल-उश्बूना. आजचा आल्फामा मोहल्ला त्याच काळातला. गरम पाण्याच्या झऱ्यांना अरबीत 'अल-हम्मा' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं.

भूगोलकार अल-इद्रीसी याने सिसिलीच्या ख्रिस्ती राजाच्या दरबारात बसून ११५४ साली आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात लिस्बनच्या आठ चुलतभावांची हकीकत आहे. अटलांटिक समुद्राच्या पलीकडे काय आहे हे पाहायला ते गलबत घेऊन निघाले. अनोळखी बेटांना लागले, पकडले गेले आणि अखेर मगरिबच्या किनाऱ्यावरून घरी परतले. इद्रीसी सांगतो की लिस्बनमध्ये त्या गरम झऱ्यांजवळ एका गल्लीला या धाडसी भावांवरून नाव पडलं होतं. वास्को द गामाच्या साडेतीनशे वर्षं आधी लिस्बनमध्ये समुद्रावर निघालेल्यांच्या नावाची एक गल्ली होती. त्या गल्लीचं तैलचित्र कोणी काढलेलं नाही.

११४७ साली आफोंसो एन्रीकिश या पहिल्या पोर्तुगीज राजाने लिस्बनला वेढा घातला. मदतीला दुसऱ्या क्रुसेडसाठी निघालेले इंग्रज, जर्मन आणि फ्लेमिश सैनिक होते. जवळपास चार महिन्यांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, शहर पडलं आणि लुटलं गेलं. विजयी सैन्यातल्याच एका साक्षीदाराने लिहून ठेवलं आहे की या लुटीत शहराचा म्हातारा ख्रिस्ती बिशपही मारला गेला. मुसलमानांच्या शहरात ख्रिस्ती बिशप होता आणि त्याला मारलं ते क्रूसवाल्यांनी. धर्मयुद्धाच्या नावाने भाषणं करणाऱ्या कोणत्याही बाजूने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

मागे राहिलेल्या मुसलमानांना ११७० साली राजाने सनद दिली. त्यांना किल्ल्याच्या उताराखाली, तटाबाहेर वसवण्यात आलं. त्या वस्तीचं नाव मोरारिया, म्हणजे मूरांचा मोहल्ला. इथे कुंभार होते, चटया आणि गालिचे विणणारे होते, भाजीपाल्याचे मळे करणारे होते. कर जास्त होते, पोशाखावर निर्बंध होते, रात्री वेशी बंद व्हायच्या. पण मशीद होती, काझी होता, माणसं होती. हे सव्वातीनशे वर्षं चाललं. याला मी सुवर्णयुग म्हणणार नाही. दुय्यम नागरिक म्हणून का होईना, जगणं चालू होतं.

डिसेंबर १४९६ मध्ये राजा मानुएलने फर्मान काढलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर अखेरपर्यंत सगळ्या यहुद्यांनी आणि मुसलमानांनी पोर्तुगाल सोडावं. मानुएलला स्पेनच्या फर्डिनांड आणि इझाबेला यांच्या मुलीशी लग्न करायचं होतं आणि ही त्या सोयरिकीची किंमत होती. पुढे यहुद्यांना जाऊच दिलं नाही. त्यांची मुलं हिसकावून घेतली आणि त्यांचा जबरदस्तीने बाप्तिस्मा केला. मुसलमानांना मात्र जाऊ दिलं. असं का, याचं उत्तर गॉइशने दिलं आहे. मुसलमानांवर जबरदस्ती केली तर मुस्लिम राज्यांतल्या ख्रिश्चनांवर तीच वेळ येईल, ही भीती होती. यहुद्यांच्या मागे असं कोणतंच राज्य नव्हतं.

जुनी मोठी यहुदी वस्ती रुआ नोव्हाला लागूनच होती. तिथल्या मुख्य सिनेगॉगचं चर्च झालं. बाटवलेल्यांना 'नवे ख्रिश्चन' हे नाव मिळालं, पण नव्या नावाने सुरक्षितता मिळाली नाही. १५०६ च्या ईस्टरच्या दिवसांत लिस्बनमध्ये झुंडींनी या नव्या ख्रिश्चनांची कत्तल केली. मृतांचा आकडा दोन हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त सांगितला जातो. चित्रातल्या काळ्या पोशाखातल्या व्यापाऱ्यांमध्ये या मेलेल्यांची नातवंडं असतील. ती उजळ माथ्याने उभी दिसतात. घरात त्यांचे आजी-आजोबा कोणती प्रार्थना म्हणत होते, हे रस्त्यावर कोणी विचारू नये म्हणून तोंडं मिटून उभी असतील.

त्याच वर्षी निघालेली जहाजं

फर्मानाची मुदत ऑक्टोबर १४९७. वास्को द गामा लिस्बनहून निघाला ८ जुलै १४९७ रोजी. म्हणजे मोरारियातली कुटुंबं सामान बांधत होती, त्याच उन्हाळ्यात हिंदुस्थानकडे जाणारी जहाजं नदीतून बाहेर पडली. शाळेत आपण यातली एकच घटना शिकतो.

पूर्व आफ्रिकेच्या मालिंदीहून कालिकतपर्यंतची वाट गामाला एका वाटाड्याने दाखवली. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता, अशी कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. इतिहासकारांना ती मान्य नाही. पोर्तुगीज बखरकार त्याला गुजराती मुसलमान म्हणतात. कालिकतला पोचल्यावर गामाने किनाऱ्यावर पाठवलेल्या पहिल्या माणसाची गाठ ट्युनिसच्या दोन मुसलमानांशी पडली. दोघांना स्पेनची आणि जिनोव्हाची भाषा येत होती. त्यांनी त्याला शिवीच हासडली आणि इथे कसा काय मेला आलास, असं विचारलं. ज्यांना घरातून काढलं त्यांचेच भाऊबंद अर्ध्या जगापलीकडच्या बंदरात ओळखीच्या भाषेत समोर उभे राहिले. समुद्र त्यांच्यासाठी नवा नव्हता.

पुढची पानं रक्ताची आहेत. दुसऱ्या सफरीत, १५०२ साली, गामाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज लुटून जाळलं. त्यात शेकडो माणसं होती, बायका-मुलं होती. १५०८ साली आपल्या चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीजांचा पराभव केला, पण पुढच्याच वर्षी दीवसमोर पारडं फिरलं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं. गोव्यातल्या मुसलमानांची कशी कत्तल केली, हे त्याने स्वतःच राजाला पत्रातून अभिमानाने कळवलं. त्याला गोव्यावर येण्याचं निमंत्रण देणारा तिमय्या हा हिंदू सरदार होता. म्हणून या लढायांना नुसता धर्माचा रंग देऊन चालत नाही. सत्ता आणि व्यापार हेच हिशोब मोठे होते.

मग आला 'कार्ताझ', म्हणजे पोर्तुगीजांचा परवाना. तो नसेल तर जहाज जप्त. हजला जाणाऱ्यांनाही तो घ्यावा लागे आणि त्यावर मरियम आणि ईसा यांच्या प्रतिमा असत. अकबराच्या दरबारातल्या मख्दूम-उल-मुल्क या बड्या आलिमाने त्यावरून फतवा दिला की अशा परिस्थितीत हज फर्ज उरत नाही. हे बदायुनीने नोंदवलं आहे. फतवा निघाला, तरी लोक हजला जातच राहिले. अकबराच्या घरातल्या स्त्रियाही गेल्या. त्यासाठी परवाना घ्यावाच लागला. रुआ नोव्हाच्या दुकानांत जी भरभराट दिसते, तिच्यामागे हा परवाना आणि ही जळालेली जहाजं आहेत. चित्राच्या चौकटीत ती मावत नाहीत.

गोव्यातला जुळा रस्ता

लिस्बनच्या या रस्त्याचा एक जुळा भाऊ आपल्याकडे होता. जुन्या गोव्यातली 'रुआ दिरैता', म्हणजे सरळ रस्ता. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने तिचं वर्णन केलं आहे आणि १५९६ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात तिचं चित्रही आहे. रोज सकाळी इथे लिलाव चालायचा. अरबी घोडे, कापड, मसाले, मेलेल्या माणसांच्या घरातलं सामान आणि गुलाम म्हणून विकली जाणारी जिवंत माणसं.

त्या बाजाराला पोर्तुगीज 'लैलाँव' म्हणत. आपला 'लिलाव' शब्द तिथूनच आला. पण पोर्तुगीजांकडे तो कुठून आला? भाषातज्ज्ञ त्याचं मूळ अरबीतल्या 'अल-इअलाम', म्हणजे जाहीर पुकारा, या शब्दात शोधतात. म्हणजे शब्द अरबीतून पोर्तुगालला गेला, तिथून जहाजावर चढून गोव्यात आला आणि मराठीत मुरला. आज मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारणाऱ्याला याची कल्पना नसते. ज्यांनी तो शब्द लिस्बनला दिला त्यांना मात्र लिस्बनने ठेवलं नाही.

लिस्बनहून अहमदनगरला

चित्रात नसलेला आणखी एक माणूस मला सांगायचा आहे. गार्सिया द ओर्ता. त्याचे आईवडील स्पेनमधून १४९२ साली हाकललेले यहुदी. पोर्तुगालमध्ये ते 'नवे ख्रिश्चन' झाले. ओर्ता वैद्य झाला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. इन्क्विझिशनची चाहूल लागलेल्या काळात, १५३४ साली, त्याने लिस्बन सोडलं आणि तो गोव्याला आला.

इथे तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य आणि स्नेही झाला. निजामशहाच्या दरबारात अरबी-फारसी जाणणारे हकीम होते. त्यांच्याशी तो बोलायचा, वाद घालायचा, औषधांची देशी नावं टिपायचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंग, आलं, फणस, आंबा यांच्यासोबत निजामशहाही येतो. युरोपला हिंदुस्थानी वनस्पतींची पहिली पद्धतशीर ओळख या ग्रंथाने करून दिली. दख्खनच्या एका मुस्लिम दरबारात एक बाटवलेला यहुदी मानाने बसत होता, त्याच काळात लिस्बनच्या रस्त्यांवर त्याच्यासारख्यांवर पाळत होती.

पण पाळत समुद्र ओलांडून आली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आलं. १५८० साली ओर्ताची हाडं कबरीतून काढून जाळली गेली. त्याच सुमारास लिस्बनमध्ये कोणी चित्रकार रुआ नोव्हावरच्या श्रीमंत गर्दीत रंग भरत असेल.

पाण्याच्या नळावर

आता चित्रात जी आहेत त्या आफ्रिकी माणसांकडे येऊ. १५५१ च्या एका नोंदीनुसार लिस्बनची लोकसंख्या सुमारे एक लाख होती आणि त्यांत ९,९५० गुलाम होते. दहा माणसांत एक. पाणी भरणं, ओझी वाहणं, घराघरांतला मैला डोक्यावरून नदीपर्यंत नेणं ही त्यांची कामं. 'बहुरंगी शहर' म्हणताना हा आकडा सोबत ठेवला पाहिजे.

त्याच काळातलं दुसरं एक चित्र आल्फामातल्या राजाच्या कारंज्याचं आहे. त्यातही जवळपास निम्मी माणसं आफ्रिकी आहेत. या कारंज्यावर भांडणं होतात म्हणून १५५१ साली नगरपालिकेने नियम केला. एका तोटीवर गुलाम आणि मुक्त काळे, मिश्रवंशीय आणि हिंदुस्थानी. दुसरीवर गलबतं वल्हवणारे मूर कैदी. गोऱ्यांच्या तोट्या वेगळ्या. पाण्यावरून माणसांची वाटणी मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. महाडचं चवदार तळं आपल्याला माहीत आहे.

त्याच चित्रात एक काळा घोडेस्वार आहे, अंगावर सांतियागो या मानाच्या पंथाचा झगा. काहींना तो राजदरबारातला, गुलामीतून वर आलेला झुआंव द सा पानास्को वाटतो. हा स्वार पाहून लोक म्हणतात, बघा, किती मोकळा समाज होता.

इथे मला आपल्याच घरात डोकावावं लागतं. कारण आपणही असंच म्हणतो. नेमक्या त्याच दशकांत इथिओपियातून विकला गेलेला एक मुलगा बगदादमार्गे अहमदनगरला पोचला आणि पुढे मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि तो रास्तच आहे. दख्खनमध्ये हबशी गुलामाला जेवढं वर चढता आलं तेवढं लिस्बनमध्ये चढता आलं नाही, हेही खरं. पण मलिक अंबरला आईवडिलांपासून तोडून बाजारात विकणारे व्यापारी कोण होते, हे आपण विचारत नाही. त्यांत मुसलमानही होते. एका मलिक अंबरच्या मागे ज्यांची नावं उरली नाहीत असे हजारो होते. एका घोडेस्वाराने लिस्बन निर्दोष ठरत नसेल, तर एका मलिक अंबरने आपणही ठरत नाही. इतिहासाचं माप दोन्हीकडे सारखं हवं, नाहीतर आपण इतिहास सांगत नसतो, वकिली करत असतो.

रस्ता गेला, मोहल्ला उरला

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी लिस्बनला भीषण भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा गेला, काझा दा इंडिया गेली आणि रुआ नोव्हाही गेली. पुढे मार्किस पोंबालने तो सगळा भाग काटकोनात, नव्याने आखला. आज ज्या खांबांवरून चित्र ओळखलं, ते खांब कुठेच नाहीत.

उंचावरचे आल्फामा आणि मोरारिया हे जुने मोहल्ले मात्र आजही त्यांच्या जुन्या नावांनी उभे आहेत. ज्यांना शहराबाहेर काढलं त्यांच्या मोहल्ल्याचं नाव पाचशे वर्षं टिकलं. पोर्तुगीज भाषेत साखर, तेल, गोदाम, उशी यांचे शब्द आजही अरबी मुळाचे आहेत. 'इन्शाअल्लाह'ला जवळचा 'ओशाला' हा शब्द लिस्बनचा ख्रिस्ती माणूस आजही सहज उच्चारतो.

आणि माणसंही परत आली. १९८५ साली लिस्बनमध्ये मध्यवर्ती मशीद उघडली. ती उभी करणाऱ्यांत मोझांबिकमधून आलेले, मूळचे हिंदुस्थानी मुसलमान मोठ्या संख्येने होते. मोरारियाच्या बेनफोर्मोझो रस्त्यावर आज बांगलादेशी, पाकिस्तानी, हिंदुस्थानी लोकांची दुकानं आहेत, खानावळी आहेत.

याच रस्त्याचं एक चित्र डिसेंबर २०२४ मध्ये जगभर फिरलं. ते छायाचित्र होतं. पोलिसांच्या कारवाईत डझनावारी स्थलांतरित पुरुष हात वर करून, भिंतीकडे तोंड करून, ओळीने उभे केलेले होते. त्याविरुद्ध पुढच्या महिन्यात लिस्बनमध्ये मोठा मोर्चा निघाला आणि त्यात पोर्तुगीज नागरिकही हजारोंनी होते. १४९७ साली मोरारियातल्या लोकांसाठी मोर्चा निघाल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. एवढा फरक पडला आहे आणि तो छोटा नाही.

हे सगळं मी मामूंना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग उठले, दिवाणखान्यातलं ते चित्र भिंतीवरून उतरवलं आणि उलटं करून माझ्यापुढे धरलं. "देख तो, पीछे शहर का नाम लिखा है क्या."

मागे फक्त फ्रेमवाल्याचा फाटका कागद होता. पण मामूंनी शहराचं नाव विचारलं होतं.